प्लगचा रंग

मलिक मुहम्मद जायसीने १५४० च्या सुमारास 'पद्मावत' रचले. त्यातील चितोडच्या राणीचे नाव १९७४ साली एका भारतीय मोटारीला मिळाले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बांधत असे. तीच गाडी १९६४ मध्ये 'डिलाइट' झाली, सत्तरच्या दशकारंभी 'प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी'. नावे पालटली, १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन मूलतः तेच राहिले. साहित्याचा अभ्यासक कदाचित नावापाशी थांबेल. आम्हांला त्या इंजिनाच्या झिजेविषयी लिहायचे आहे; कारण झीज वाचण्याची एक विद्या अशा गाड्यांभोवती वाढली आणि त्यांच्याबरोबरच मावळत गेली.

चार सिलिंडरांना चार प्लग. प्लग बदलताना जाणता मेकॅनिक जुने प्लग लगेच फेकत नाही. सिलिंडरच्या क्रमाने ते फडक्यावर मांडतो आणि त्यांची टोके पाहतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी धरली असेल तर कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतो आहे. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक ही अतिउष्णतेची खूण. आणि टोक ओले, तेलकट काळे असेल तर इंजिन ऑइल ज्वलनकक्षात शिरते आहे; पिस्टनच्या रिंगा तरी झिजल्या, नाहीतर व्हॉल्व्हचे गाइड.

हा झाला तर्क. तो पडताळण्यासाठी चारही प्लग काढून एकेका छिद्राला दाबमापक लावतात आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन स्टार्टरवर फिरवतात. एका सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी भरला, तर त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा वा बोअरचा, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजवलेली असते. न वाढल्यास संशय व्हॉल्व्हवर किंवा गॅस्केटवर. आधी चिन्ह, मग तुलना, मग एक शक्यता बाद करणारी चाचणी: पाठचिकित्सा करणाऱ्यांना ही रीत अनोळखी वाटू नये.

या विद्येला ऐतिहासिक कारण होते. परवाना पद्धतीच्या काळात नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच हाती असलेली गाडी टिकवणे क्रमप्राप्त होते. बोअर झिजला की इंजिन उतरवायचे, ब्लॉक रिबोअर करायचा, मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत १९६२ नंतर ठाण्यात वागळे इस्टेट येथे उभी राहिली, पाठोपाठ डोंबिवलीची. या पट्ट्यात लेथवर हात बसलेला माणूस दुर्मिळ नव्हता. त्यांच्या बोलीत इंजिन 'ऑइल खाते', 'मिसिंग मारते', त्यात 'दम राहत नाही'. यंत्राला देहाची भाषा देणारी ही मराठी आमच्या शब्दकोशांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

कारखान्यांची कथा तुलनेने नोंदली गेली आहे. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून १९९४ मध्ये 'प्यूजो ३०९' आणली, ती कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यातून. कामगारसंघर्ष चिघळला आणि १९९७ मध्ये फ्रेंच भागीदार बाहेर पडला. डोंबिवलीत 'प्रीमियर' हे नाव पुढे मैदानाच्या आणि वसाहतीच्या पत्त्यांत उरले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्याच सुमारास नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. आता प्लग बहुधा ठरावीक किलोमीटरनंतर बदलतात आणि बिघाडाचा पहिला संकेत स्कॅनर देतो. याचे दुःख करण्याचे कारण नाही. धूर घटला आणि गाडी वाटेत बंद पडण्याचे प्रसंगही घटले. मात्र डोळ्यांनी वाचण्याची गरज कमी झाली, की वाचणारेही कमी होतात.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून बाद झाली. वर्तमानपत्रांनी तिच्या काळ्या-पिवळ्या रंगावर हळवे लेख लिहिले, एक तरी गाडी संग्रहालयात ठेवावी अशी मागणीही झाली. ती रास्तच होती. पण संग्रहालयात गाडी राहील. तिचा प्लग हातात घेऊन ती किती चालली, कशी चालली हे सांगणारा माणूस राहणार नाही. वालचंदांचे चरित्र गं. दे. खानोलकरांनी लिहिले. त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्या पुढे दशकानुदशके ज्यांनी चालत्या ठेवल्या, त्यांचे कथन मात्र कुणी मागितले नाही.

ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत अशी माणसे अजून भेटतात. मौखिक इतिहासाचा प्रकल्प शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, एवढेच आमचे म्हणणे. प्रश्न साधा असावा: या प्लगवरून तुम्हांला काय दिसते?