विक्रीस नसलेली चित्रे

संक्रांतीचे भेटकार्ड, आत तिळगुळाचे चार दाणे. असे पाकीट सोलापूर-पुण्याहून गुलबर्ग्याच्या आपल्या घरी येई. सण सरला की ते केरात जाई. जपानात अशाच खासगी शुभेच्छापत्रांना 'सुरिमोनो' म्हणत. एदो म्हणजे आजचे टोकियो. तेथील कविमंडळे नववर्षाला आपल्या विनोदी कविता चित्रांसह लाकडी ठशांनी छापवून स्नेह्यांना वाटीत. १८०० ते १८३० हा त्यांचा बहराचा काळ. होकुसाई व त्याचा शिष्य होक्केई यांची चित्रे त्यांत आहेत. विकायची नसल्याने खर्चात काटकसर नव्हती: जाड मऊ कागद, धातूंची पूड, शाईविना दाबून उठविलेली नक्षी. कागद उजेडात तिरका धरावा तेव्हाच ती दिसते! त्याआधी १७६५ च्या सुमारास अशाच चित्रांत तीस दिवसांचे महिने कोणते, हे लपविलेले असे. पंचांग पाहणाऱ्या आपल्याला ही गंमत सहज कळेल.

प्रती मोजक्याच निघत. पुढे युरोपीय संग्राहकांची मागणी वाढली आणि १८९० च्या दशकात नवे ठसे कोरून हुबेहूब नकला निघाल्या, जाणकारही फसले. आजही संग्राहक दोन प्रती शेजारी ठेवून रेघ न् रेघ ताडून पाहतात.

आमच्या घरच्या ट्रंकेत मी शोधले. संक्रांतीचे एकही कार्ड उरलेले नाही. कुणा सभासदाच्या जुन्या पोथीत एखादे सापडल्यास ते या ग्रंथालयास द्यावे, ही विनंती.