सरकारी इंग्रजीला लागलेला लगाम

इंग्रजी आम्ही शाळेत थोडे शिकलो आणि कारखान्याच्या नोटिशींवरून फार. एका कामगाराच्या हाती पत्र पडले. त्याची सेवा समाप्त करण्याचे ठरविण्यात आले आहे, एवढाच त्यातील मजकूर. तो विचारू लागला, "ठरवलं कुणी?" आम्ही शब्दकोश घेऊन बसलो; पण कर्ता काही सापडेना. व्याकरण निर्दोष होते, फक्त माणूस गायब होता. तेव्हापासून इंग्रजी लेखनाच्या नियमांचा इतिहास ही केवळ पंडितांची बाब आहे असे आम्ही मानीत नाही.

या नियमांची जाडजूड पोथी, हेन्री फाउलर यांचे 'मॉडर्न इंग्लिश यूसेज', १९२६ साली निघाली. गृहस्थ मूळचे शाळामास्तर. वाक्याच्या शेवटी 'प्रिपोझिशन' येता कामा नये, असल्या सोवळ्याची त्यांनी टर उडविली, हे आम्हांला आवडले. त्याआधी, १९०६ साली, भावासह लिहिलेल्या 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा घ्या, लांबापेक्षा आखूड घ्या, असे त्यांनी बजावले होते. लॅटिन कुळीच्या शब्दाहून सॅक्सन शब्द बरा, हाही त्यांचा आग्रह. तो मात्र आम्हांला पटत नाही. शब्दाचे कूळ कशाला विचारायचे?

त्याच १९२६ च्या मे महिन्यात ब्रिटनमधील कोळसा-कामगारांवर टाळेबंदी आली. तेव्हा सरकारच्या खाण खात्याचे कायम चिटणीस होते अर्नेस्ट गोवर्स. त्या खुर्चीविषयी कामगाराला माया वाटण्याचे कारण नाही. परंतु पुढे याच माणसाने सरकारी लेखणीला लगाम घातला.

त्याची पूर्वतयारी युद्धाने केली. लंडनवर संकट घोंघावत असता, ९ ऑगस्ट १९४० रोजी, चर्चिल यांनी खात्यांना टिपण धाडले: अहवाल आटोपशीर लिहा. १९४६ साली जॉर्ज ऑर्वेल यांनी एका निबंधात दाखविले की खेड्यांवर बाँब टाकून त्याला 'शांतता प्रस्थापित करणे' म्हणता येते. कर्मणी प्रयोगापेक्षा कर्तरी बरा, हा नियम त्याच निबंधातला. मग जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय विमा आणि आरोग्यसेवा सुरू झाली. सरकारची पत्रे आता घरोघर, गिरणीकामगाराच्या विधवेकडेही, जाणार होती. त्याच वर्षी, अर्थखात्याच्या सांगण्यावरून गोवर्स यांनी कारकुनांसाठी लिहिलेले 'प्लेन वर्ड्स' बाहेर पडले. आपल्याला काय म्हणायचे आहे ते आधी ठरवा आणि वाचणाराच्या जागी बसून लिहा, हे त्याचे सार. फाउलरांचा कोशही १९६५ साली त्यांनीच सुधारून दिला.

आपल्याकडचे 'कळविण्यात येते की' हे त्याच इंग्रजी कचेरीचे वळण. तशी नोटीस आली की आम्ही समासात पेन्सिलीने 'कोणी?' असे लिहितो. मध्यंतरी आमच्याच युनियनचे पत्रक निघाले: 'वर्गणी वाढविण्याचा निर्णय घेण्यात आला आहे.' एका जुन्या सभासदाने ते परत पाठविले. समासात तेच अक्षर होते, आणि पेन्सिल जरा दाबूनच चालविलेली होती.