हळदीचा डाग आणि फॅरडेचा कागद

१/ पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडतो. साबण लागताच तो पिवळ्याचा लाल होतो आणि साबण निघून गेला की पुन्हा पिवळा दिसतो. आपण सर्वांनी हे पाहिले आहे. या डागाचा इतिहास नांदेडच्या शिवारातून लंडनच्या प्रयोगशाळेपर्यंत आणि तेथून अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापर्यंत जातो. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी कारण पाहू. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते, आम्लारीत लाल होते. साबण आम्लारीधर्मी असतो. म्हणजे तो डाग हा एक दर्शकच आहे. आपल्या घरांना हा रंगबदल पूर्वापार ठाऊक होता. हळदीवर चुना किंवा टाकणखार यांची प्रक्रिया करून कुंकू तयार होत असे. देवघरातील करंड्यात रसायनशास्त्र होते. त्याला ते नाव मात्र कोणी दिले नव्हते.

३/ नांदेड, हिंगोली, वसमत हा हळदीचा मुलूख. शेतातून काढलेली हळद येथे शिजवतात, उन्हात वाळवतात, पॉलिश करतात आणि मग बाजारात नेतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या पदार्थाने युरोपातील प्रयोगशाळांना एक मोठे साधन दिले, तो येथे बांधावर पिकतो.

४/ १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइल याने रंगांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. फुलांच्या रसाचा रंग आम्लाने व आम्लारीने बदलतो, त्यावरून पदार्थ ओळखता येतो, हे त्याने पद्धतशीरपणे मांडले. पुढे लिटमसच्या जोडीला हळदीत बुडवून वाळवलेला कागदही रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर आला.

५/ आता १८३३. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. त्याच्यासमोर प्रश्न होता: घर्षणाने निर्माण होणारी वीज आणि बॅटरीची वीज एकच, की वेगवेगळी?

६/ त्याने सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवलेले लिटमसचे व हळदीचे कागद घेतले आणि त्यांतून घर्षणयंत्राची वीज जाऊ दिली. एका टोकाला लिटमस तांबडा झाला, म्हणजे तेथे आम्ल. दुसऱ्या टोकाला हळद लाल झाली, म्हणजे तेथे आम्लारी. बॅटरीची वीजही हेच करते. दोन्ही विजा एकच आहेत, या निष्कर्षाच्या पुराव्यांत हळदीची साक्ष होती.

७/ त्या काळी आपल्याकडे काय होते? बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये मुंबईत निघाले होते. नांदेड मात्र निजामाच्या अमलाखाली होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले ते १९५० मध्ये. हळद आपली होती. तिला प्रश्न विचारण्याची सोय फार उशिरा आली.

८/ जे ज्ञान केवळ सवयीत राहते, त्यावर दुसऱ्याने दावा सांगितला की काय होते, हे १९९५ मध्ये दिसले. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ एवढे सांगून भागणार नव्हते. लिखित पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील व शोधपत्रिकांतील दाखले सादर झाले. १९९७ मध्ये ते पेटंट फेटाळले गेले.

९/ तेव्हा परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ते स्वतः एक आठवण नेहमी सांगतात. मुंबईतील गरिबीच्या दिवसांत शाळेतील भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्वक्र भिंगाने कागद जाळून दाखवला होता. साधे भिंग, एक कागद आणि ऊन. प्रयोगाला एवढे पुरले. तो मुलगा शास्त्रज्ञ झाला आणि हळदीसाठी उभा राहिला.

१०/ आता तुमची पाळी. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. एकेका पट्टीवर लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, खायच्या सोड्याचे पाणी व साबणाचे पाणी यांचा एकेक थेंब टाका. चुन्याची निवळी वापरायची असेल तर मोठ्यांना सोबत घ्या. चुना डोळ्यांना घातक असतो. लाल झालेल्या पट्टीवर शेवटी लिंबू पिळा.

११/ मात्र थेंब टाकण्याआधी एक काम करा: रंग बदलेल की नाही, हे वहीत लिहा. मग प्रत्यक्ष काय झाले, ते तारखेसह शेजारी लिहा. फॅरडे आपल्या वहीत प्रयोगांची अशीच टिपणे ठेवी. रंग बदलताना आपल्या आजीनेही पाहिला होता. त्याची नोंद करण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे.

धागा समाप्त. तुमच्या पट्टीवर चिंचेचा थेंब पडल्यावर काय झाले, ते जरूर कळवा.