मज्जारज्जू-आघात : टीमने करायचे पुनर्वसन-मूल्यमापन

मज्जारज्जूला नुकतीच इजा झालेल्या रुग्णाच्या शरीरात काय शाबूत आहे, कोणते धोके आहेत आणि घरी परतायला काय लागेल, हे पुनर्वसनतज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, समुपदेशक व वैद्यकीय समाजसेवक यांनी एकत्रितपणे ठरवण्याची पद्धत. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात सुरू केलेल्या विभागाने तिला आकार दिला. तोवर असे रुग्ण बहुधा शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची निगा, काम आणि खेळ यांची एकच योजना केली.

मज्जातंतूंच्या तपासणीला अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनचे १९८२ पासूनचे प्रमाण आज जगभर वापरतात. शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ जागी संवेदना आणि १० स्नायूंची ताकद पाहून ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी दिली जाते. इजा पूर्ण की अपूर्ण, हे गुदद्वाराजवळची संवेदना व तिथले ऐच्छिक आकुंचन यांवर ठरते. संकोचापोटी ही तपासणी टाळली तर ‘पूर्ण’ हा शिक्का निराधार ठरतो. पण श्रेणी अचूक असली तरी तिच्यातून रुग्णाचा दिवस कसा जाईल ते कळत नाही. मानेतल्या इजेनंतर एखाद्याला मनगट उचलता येते, बोटे मात्र हलत नाहीत. बोटांच्या कंडरा किंचित आखूड राहू दिल्या, तर मनगट वर करताच बोटे आपोआप मिटतात आणि चमचा धरता येतो. सांधे मोकळे राहावेत म्हणून फिजिओथेरपिस्टने मनगट आणि बोटे एकाच वेळी पूर्ण ताणली, तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट ज्या पकडीवर विसंबून आहे तीच जाते. दोघांचेही काम आपापल्या जागी बरोबर. नुकसान न बोलल्यामुळे होते. पायांतले झटके अचानक वाढले की व्यायामकक्षात ते स्नायूंचे दुखणे वाटते. लघवी गढूळ झाल्याचे परिचारिकेने सांगितले तर खरे कारण, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, सापडते.

पहिल्या दिवसांत मज्जारज्जू धक्क्यात असतो, तेव्हाचे मूल्यमापन भरवशाचे नसते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच साधारण ७२ तासांनंतरची तपासणी आधाराला घेऊन ती पुन्हा पुन्हा करायची असते. थांबून राहण्याचे ते कारण नव्हे, कारण शय्याव्रण तेवढा वेळ थांबत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : एवढी माणसे आणायची कुठून? मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून, तर खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे. पण अशा ठिकाणी जागा न मिळालेल्याचे काय? माझ्या मते टीम पदव्यांच्या संख्येवर ठरत नाही. एक डॉक्टर, एक परिचारिका, एक फिजिओथेरपिस्ट आणि घरी कूस बदलणारी, कॅथेटर घालणारी व्यक्ती यांनी एकाच कागदावर नोंद ठेवली, तरी मूल्यमापन सुरू होते. स्वावलंबन मोजणाऱ्या ‘स्किम’ या मापनात १०० पैकी ४० गुण श्वसन आणि मलमूत्र-नियंत्रणाला आहेत. त्यांची खरी माहिती व्यायामकक्षात नव्हे, रात्रीच्या वॉर्डात आणि घरच्या संडासाच्या दाराशी मिळते. त्या दारातून व्हीलचेअर आत जात नसेल, तर दाराच्या रुंदीची मोजणीही याच कागदावर, डिस्चार्जच्या आधी यायला हवी.