उशिरा गळ्यात बसलेला सूर

खारदांड्याच्या मासळी बाजारात आमच्या ओळखीचे, बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातले, एक काका येतात. त्यांना पाहिलं की पाटीवरची मावशी पापलेट, रावस पुढे सरकवते आणि शिंगाळा, मुशी, कोळंबी बाजूला ठेवते. पर आणि खवले असलेलाच मासा त्यांना चालतो, हे तिला पाठ आहे. साठी उलटलेले हे काका सध्या तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, सुरात वाचायला शिकताहेत. त्या शिकण्याचा माग काढत गेलं, तर वाट पुन्हा माशापाशीच येते.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेले लोक कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते ‘शनवार तेली’. शेमाची प्रार्थना ओठांवर राहिली, बाकीची हिब्रू पुसली गेली. पुढे कधीतरी डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू तिथे आला. त्याने बायकांना सरमिसळ मासे रांधायला दिले, त्यांनी बिनखवल्याचे वेगळे काढले आणि त्याला आपली माणसं सापडली. त्याने तिघांना शिकवून काजी, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख, केलं. झिराडकर, राजपुरकर आणि शापुरकर ही ती घराणी. राहाबी कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला या कथेत त्याच्या सालापेक्षा त्याचे विद्यार्थी महत्त्वाचे वाटतात. शिकायला बसले ते समाजातले जाणते पुरुष. या समाजात तोरा आली ती मोठ्या माणसांनी शिकून.

कंपनीच्या फौजेत असलेला सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि 1796 मध्ये त्याने मुंबईत सिनेगॉग बांधलं. हेच शाआर हारहामीम, लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. पण सेफर, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, कुठून आणायची? ती मिळवायला दिवेकर कोचीनला गेला आणि तिथेच वारला.

सेफर हाताशी आली तरी ती वाचणं सोपं नसतं. चर्मपत्रावर नुसती व्यंजनं असतात, स्वरचिन्हं नाहीत की पूर्णविराम नाही. मोडी वाचणाऱ्याला ही अडचण चटकन समजेल: शब्द आधी माहीत असावा लागतो. त्यात तोरा सरळ वाचायची नसते. प्रत्येक शब्दाला ठरलेला सूर आहे. छापील पुस्तकात त्यासाठी, वेदपाठाच्या पोथीत असतात तशा, अक्षरांच्या वर-खाली खुणा दिलेल्या असतात. त्या बघून पाठांतर करायचं आणि शनिवारी त्यांच्याविना, हाताच्या आकाराच्या छोट्या चांदीच्या कांडीने ओळ दाखवत गायचं. एक उच्चार चुकला तरी ऐकणारा तिथल्या तिथे दुरुस्त करतो. असे चोपन्न पाठ वर्षभरात पुरे होतात आणि सिमहाथ तोराच्या सणाला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात.

हे शिकवणारे कोण? कोचीनचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, नंतर बगदादी ज्यू आणि, गंमत म्हणजे, मिशनरी. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू धर्मांतराचा होता, पण बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. मराठीतून हिब्रूकडे जाणारी ही वाट जोसेफ इझिकेल राजपुरकरांनी (1834–1905) रुंद केली. एका शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक असलेल्या या गृहस्थांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी इस्राएली शाळा काढली. मुलं तिथे हिब्रू शिकू लागली. ज्यांचं शाळेचं वय सरलं होतं त्यांच्यासाठी 1880 पासून कीर्तन होतं: अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, अगदी आपल्या हरिदासी थाटात, मराठीत.

बायका मात्र या सगळ्यात ऐकणाऱ्याच राहिल्या. डॉ. जेरुशा झिराड लंडनहून वैद्यकी शिकून आल्या, बायकांनाही उपासनेत वाटा देणाऱ्या तिथल्या उदारमतवादी ज्यूंचे विचार घेऊन. 1925 मध्ये त्यांनी मुंबईत त्याच विचारांची ज्यूइश रिलिजियस युनियन सुरू केली. त्यांचं आडनाव त्याच झिराड गावाचं, जिथल्या काजींनी पहिले धडे गिरवले होते. मला हा योग फार मोलाचा वाटतो.

1948 नंतर माणसं इस्राएलला जाऊ लागली आणि शिकवणारे गळेही गेले. 1951 च्या सुमारास देशात पंचवीस हजारांच्या आसपास ज्यू होते, आज काही हजारच आहेत. राहिलेल्यांपैकी कुणीतरी पुढे व्हावं लागतं, म्हणून काका पुढे झाले.

त्यांची वही मी पाहिली आहे. हिब्रू ओळीखाली देवनागरी, आणि देवनागरीत बसत नाही त्या घशातल्या ‘ह’खाली लाल टिंब. सध्या योसेफाचा पाठ चालू आहे. मालकाची बायको योसेफाला गळ घालते आणि तो नकार देतो. त्या नकाराच्या ‘वायमाएन’ या एका शब्दावर शलशेलेथ नावाची नागमोडी खूण आहे. संपूर्ण तोरात ती चारच ठिकाणी येते. तिथे सूर लांबवायचा, जणू नाही म्हणताना योसेफाचाही जीव ओढला जातोय. काकांचा दम तिथे पुरत नाही. परवा दांड्यावर बोंबील वाळत होते, आणि त्या वासात बाकावर बसून ते तेवढा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. मधेच थांबले, पाणी प्यायले आणि परत सुरुवातीपासून लागले.