अंगणातला इब्न रुश्द

कोकणात खाडीकाठच्या एखाद्या जुन्या मुस्लिम मोहल्ल्यात जा. घरापुढे मोगरा, कुंपणाला मेंदी, वाफ्यात भेंडी, परसात चिंच आणि विहिरीच्या कडेला करंबळाचे नाहीतर बिलिंबीचे झाड दिसेल. करंबळालाच कुणी कमरख म्हणतात. आडवे कापले की पाच टोकांची चांदणी निघते. बिलिंबी आंबट, ती माशाच्या कालवणात पडते. लहानपणापासून आपण ही झाडे पाहतो, पण त्यांच्या शास्त्रीय नावांकडे पाहत नाही. ती नावे परीक्षेपुरती पाठ करायची आणि विसरायची. खरे तर त्या लॅटिन नावांत आपल्या इतिहासाची काही पाने दडलेली आहेत.

स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ १७५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आजही जगभर हीच पद्धत चालते. मात्र ही नावे त्याने शून्यातून निर्माण केली नव्हती. ग्रीक, रोमन, अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी बोलींतले कितीतरी शब्द आधीच्या वैद्यकग्रंथांतून त्याच्यापर्यंत आले होते.

चिंचेचेच पाहा. 'टॅमॅरिंडस इंडिका' हे तिचे नाव. अरब व्यापाऱ्यांनी तिला 'तमर हिंदी' म्हटले, म्हणजे हिंदचा खजूर. त्याचे लॅटिन रूप झाले आणि पुढे पुन्हा 'इंडिका' लागले. एकाच नावात हिंद दोनदा! गंमत अशी, की चिंच मूळची आफ्रिकेतली. पण ती इथे इतकी रुजली, की तिला परकी म्हणण्याचे कुणाच्या मनातही येत नाही.

मोगरा म्हणजे 'जॅस्मिनम सॅम्बॅक'. पहिल्या शब्दात फारसी 'यासमीन' आहे, दुसऱ्यात अरबी 'ज़ंबक', म्हणजे चमेलीचे तेल. भेंडीच्या 'अ‍ॅबेलमोस्कस' या नावामागे अरबी 'अबुल मिस्क', कस्तुरीचा बाप, असे सांगितले जाते. याच प्रजातीतल्या कस्तुरभेंडीच्या बियांना कस्तुरीसारखा वास असतो. मात्र एवढ्याने छाती फुगवायचे कारण नाही. आपल्या प्रत्येक शादीत जिच्यावाचून चालत नाही ती मेंदी शास्त्रात 'लॉसोनिया' आहे. एका लॉसन नावाच्या पाश्चात्य गृहस्थाची आठवण! नावे देण्याचा मान नेहमी त्या काळी ज्ञानाची मशागत करणाऱ्यांकडे जातो.

आता करंबळाकडे येऊ. त्याचे नाव 'अ‍ॅव्हेऱ्होआ कॅरॅम्बोला' आणि बिलिंबीचे 'अ‍ॅव्हेऱ्होआ बिलिंबी'. ही प्रजाती लिनियसने अ‍ॅव्हेरोस, म्हणजेच कुर्तुब्याच्या इब्न रुश्द यांच्या नावे केली. 'कॅरॅम्बोला' हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उचलला आणि इंग्रजी कोशकार त्याचे मूळ मराठी 'करंबळ' असे देतात. एका झाडाच्या नावात अंदलुसचा अरब तत्त्वज्ञ आणि आपली मराठी बोली शेजारी शेजारी बसली आहेत. 'तुम्ही मराठी की मुसलमान?' असे विचारणाऱ्याला या झाडापाशी न्यावे.

इब्न रुश्द (११२६–११९८) हे काझी होते, वैद्य होते, अ‍ॅरिस्टॉटलचे थोर भाष्यकार होते. 'कुल्लियात' हा त्यांचा वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये जाऊन युरोपात अभ्यासला गेला. पण ११९५ साली त्यांच्याच सुलतानाने त्यांना हद्दपार केले आणि त्यांची तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळली गेली. पुढे हद्दपारी उठली, पण थोड्याच काळात मराकेशला त्यांचे निधन झाले. त्यांचे विचार बरेचसे लॅटिन आणि हिब्रू भाषांतरांतून टिकले. आपण जे जाळले, ते दुसऱ्यांनी जपले.

दुसरीकडेही असेच घडले. गार्सिया द ओर्ता हा ज्यू वंशातला पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करी आणि दरबारातल्या हकिमांशी औषधींवर चर्चा करी. इब्न सीनांचा वैद्यकग्रंथ त्याच्या चांगल्या परिचयाचा होता. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूपी ग्रंथात इतर वनस्पतींबरोबर करंबळही आहे. तो १५६८ साली वारला. पुढे इन्क्विझिशनने त्याला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल दोषी ठरवले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. कुर्तुब्यात ग्रंथ जळाले, गोव्यात हाडे जळाली. ज्ञानाचे वैरी कुठल्याही एका धर्माचे नसतात.

घराबाहेर खाडीत उतरा. तिथे तिवर उभे आहे. तिवराच्या प्रजातीचे नाव 'अ‍ॅव्हिसेनिया', म्हणजे इब्न सीना. खारट पाण्यात पाय रोवून हे झाड किनारा धरून ठेवते. ज्यांची नावे आपण जलशांत अभिमानाने घेतो, ते आपल्या दारात उभे आहेत आणि आपण त्यांना ओळखत नाही.

आमच्या परसातही करंबळ होते. आखातातून पैसा आला, घर पक्के झाले, अंगणात फरशी बसली. पाने पडून कचरा होतो म्हणून झाड तोडले. कुऱ्हाड चालली तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्या वेळी त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर हात धरला असता की नाही, सांगता येत नाही. पण निदान काय तोडतो आहोत, हे तरी कळले असते.

गेल्या पावसाळ्यात मी एक रोप आणून लावले. नात विचारते, 'दादा, हे कशाचे झाड?' मी तिला दोन्ही नावे सांगतो. करंबळ ती लगेच म्हणते. इब्न रुश्द म्हणताना अजून अडखळते. रोप वाढेपर्यंत जमेल.