गजांच्या जागी आलेला खंदक

प्राणिसंग्रहालयात वाघ आणि पाहणारा यांच्यामध्ये आज अनेक ठिकाणी गज नसतात, खंदक असतो. प्राण्याला उडी मारून ओलांडता येणार नाही इतका रुंद चर आणि प्रेक्षकांच्या बाजूला उंच सरळ भिंत, अशी ही रचना असते. तिचा जनक म्हणून जर्मनीतील कार्ल हागेनबेक (१८४४–१९१३) यांचे नाव घेतले जाते.

हागेनबेक यांचे वडील हॅम्बुर्गचे मासळी-व्यापारी. जाळ्यात सापडलेले सील त्यांनी १८४८ मध्ये पैसे घेऊन लोकांना दाखवले, आणि त्यातूनच घरात जनावरांचा धंदा सुरू झाला. कार्ल यांनी तो जगभर पसरवला. आफ्रिका व आशियातून हत्ती, सिंह, जिराफ पकडून आणून ते युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांना आणि सर्कशींना विकत. पिल्लू हाती यावे म्हणून त्याच्या रक्षणाला उभ्या राहिलेल्या मोठ्या जनावरांना ठार मारणे ही या व्यापारातील नित्याची गोष्ट होती. १८७५ पासून त्यांनी सामी लोकांची कुटुंबे रेनडिअरांसह आणून प्रदर्शनात मांडली. पुढे इतर देशांतील माणसेही अशीच मांडली गेली. खंदकाचा विचार करताना हा भाग वगळता येत नाही. माणूस असो वा पशू, त्याचा देखावा उभारून तिकीट लावणे हेच या घराण्याचे मुख्य कसब होते.

१८९६ मध्ये हागेनबेक यांनी या देखाव्याच्या रचनेचे पेटंट घेतले आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन येथे त्या पद्धतीचे उद्यान उघडले. पुढे पाणपक्ष्यांचे तळे, त्यामागे चरणारे प्राणी, त्याहून मागे सिंह आणि सर्वांत वर कृत्रिम कड्यांवर डोंगरी शेळ्या. मधले खंदक जमिनीच्या चढउतारात आणि झाडोऱ्यात दडवलेले असल्याने सगळे प्राणी एकाच माळावर मोकळे फिरत आहेत, असा भास होई. कडे घडवले ते स्विस शिल्पकार उर्स एगेनश्वायलर यांनी. कोणता प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारतो हे आधी पारखून खंदकांची मापे ठरवली होती.

प्राण्यांना यातून उघडी हवा आणि ऐसपैस जागा मिळाली. अंधाऱ्या, अरुंद पिंजऱ्यांच्या तुलनेत हा लाभ मोठाच होता. पण बंदिवास संपला नव्हता, तो फक्त पाहणाऱ्याच्या नजरेआड गेला होता. आणि त्याबरोबर धोक्याची जाणीवही पुसट झाली. गज दिसले की लहान मूलही थबकते. हिरवळीपलीकडे पहुडलेला वाघ पाहून मात्र मोठी माणसेही कठड्यावरून वाकतात.

भारतात या पद्धतीचा ठळक नमुना दिल्लीच्या जुन्या किल्ल्याजवळ उभा राहिला. त्याच्या आराखड्यासाठी १९५६ मध्ये हागेनबेक घराण्याचाच सल्ला घेण्यात आला आणि खंदकांची शिफारस तिथूनच आली. १ नोव्हेंबर १९५९ रोजी तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री पंजाबराव देशमुख यांनी या संग्रहालयाचे उद्घाटन केले.

याच संग्रहालयात सप्टेंबर २०१४ मध्ये एक तरुण पांढऱ्या वाघाच्या कोरड्या खंदकात गेला आणि मारला गेला. खंदक वाघाला आत ठेवण्यासाठी खणलेला असतो. माणसाला बाहेर ठेवण्याचे काम वरच्या कठड्याचे. आत गेलेल्या माणसाला मात्र तीच उंच भिंत चढता येत नाही. मे २०१६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे तीन वर्षांचा मुलगा गोरिलाच्या खंदकात पडला. मुलगा वाचला, पण हराम्बे नावाच्या गोरिलाला गोळी घालण्यात आली. नंतर तिथला कठडा वाढवला गेला. जे काम आधी करायचे, ते एका प्राण्याचा जीव गेल्यावर झाले.

उलट बाजूनेही खंदक फसतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २५ डिसेंबर २००७ रोजी तातियाना ही वाघीण १९४० च्या सुमारास बांधलेल्या आवारातून बाहेर आली. तिने एका तरुणाचा बळी घेतला, दोघांना जखमी केले आणि ती पोलिसांच्या गोळीने मेली. तपासात भिंत सुमारे ३.८ मीटर भरली; अमेरिकेतील संग्रहालयांच्या संघटनेची शिफारस सुमारे ५ मीटरची होती. एवढी वर्षे काही घडले नाही, या भरवशावर ती भिंत तशीच राहिली होती.

भारतात १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात संग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. संग्रहालयातील प्राण्याला चिडवणे, खाऊ घालणे किंवा गोंगाट करून त्रास देणे या कायद्याने निषिद्ध आहे. नव्या बांधकामांत आता खंदकाऐवजी किंवा त्याच्या जोडीला जाड काच वापरली जाते. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वाघांचे नवे आवार तसेच आहे. काचेमुळे पडण्याचा धोका टळतो, पण माणसे प्राण्याच्या अगदी जवळ येतात आणि काचेवर थापा मारतात. म्हणून काचेपुढेही अंतर राखणारा कठडा, आत प्राण्याला नजरेआड होता येईल असा आडोसा आणि बाहेर सतत हजर असलेला रखवालदार या तिन्हींची गरज राहतेच.